सोनचाफ्याच्या वासाची जट

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी नाही. फिलूला — ती माझी मैत्रीण, तिची ओळख करून देतेच — अर्धं माहीत आहे, पण ते केसांचं अर्धं. उरलेलं अर्धं आज पहिल्यांदा तोंडातून काढतेय. एकदम नाही जमणार हं. मुळापासून यावं लागेल. जट धुतानाही तसंच असतं, नुसत्या टोकांना पाणी मारून भागत नाही.

आधी थोडी फुशारकी मारून घेऊ द्या. मारू ना? माझ्या डोक्यावर जटा आहेत. भरगच्च, कमरेपर्यंत, डोकं भरून. मुंबईतली पोरं ड्रेडलॉक्स म्हणतात, आमच्या घरात जट. आणि त्यांना वास येतो सोनचाफ्याचा! खोटं नाही सांगत. भर श्रावणात, जेव्हा विरारमध्ये वाळत घातलेला रुमालसुद्धा कुबट मारतो ना, तेव्हासुद्धा. सोसायटीच्या लिफ्टमधून मी बाहेर पडले की आत शिरणारी माणसं एकमेकांना विचारतात, आज कोणाकडे पूजा आहे का? ही माझी कमाई आहे. देवाशप्पथ, एवढी मेहनत मी बारावीलाही केली नव्हती.

मी वर्षा. अंधेरीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. माहेर कोकणातलं, सासर साताऱ्याकडचं, संसार विरारला. घरात नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाई — कशा सांगू? वाईट नाहीत हो. पण लग्नानंतर मी केस खांद्यापर्यंत कापून आले, तर कितीतरी दिवस त्या माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत. शेजारी जाऊन प्यायच्या. वर तिथे सांगायच्या, "केस कापल्याली सून म्होरं बसली की चहाला चवच लागत न्हाय." मी भिंतीला कान लावून ऐकायची आणि रडायची. मी भित्री आहे. तोंडाची फटाकडी, पण आतून भित्री. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हांला नवल वाटणार नाही.

मला जटांची हौस कॉलेजपासून. का, ते विचारू नका. कोणाला पैठणीची असते, कोणाला स्कूटरची, मला जटांची. फिलू माझी कॉलेजपासूनची जिवलग. फिलोमिना तिचं नाव, वसईची अस्सल, होळी बाजाराजवळच्या गावात घर. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर, मागे वाडी. वाडीत केळी, पानवेल, गोड्या पाण्याची विहीर आणि सोनचाफा. ती गोव्याला जाऊन क्रोशाच्या सुईनं जटा करायला शिकून आली आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून मलाच धरलं. म्हणाली, मागून दोनच करते गं, आतल्या बाजूनं, तुझ्या सासूच्या बापाला दिसणार नाहीत.

सासूच्या बापाला नाही दिसल्या. सासूला दिसल्या. शुक्रवारी मी देवासमोर वाकले, केस पुढे सरकले, आणि मागे उभ्या असलेल्या सासूबाई अशा किंचाळल्या — मला वाटलं, संपलं. आता चहा तर चहा, अन्नपाणीही शेजारीच. मी तशीच वाकून राहिले. वर बघायची छाती होईना. आणि मग ऐकू आलं ते काय? "आई आली गं! माज्या घरात आई आली!" वर बघते तर हात जोडलेले, डोळे भरलेले.

त्यांच्या गावाकडे असं मानतात, की बाईच्या केसात आपोआप जट धरली म्हणजे देवी आली. ती कापायची नाही, विंचरायची नाही, साबणाचा तर थेंबही नाही. हळदकुंकू वाहायचं, तेल घालायचं, गोमूत्र शिंपडायचं आणि वागवायची. मी तोंड उघडलं. एकच वाक्य होतं — आई, ही फिलूनं सुईनं केलीय. किती सोपं, नाही? पण त्यांनी मला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि स्वतः आत जाऊन आल्याचा चहा करून आणला. मला! केस कापलेल्या सुनेला! चहाबरोबर मी ते वाक्य गिळून टाकलं.

आणि मग जी मज्जा सुरू झाली, काय सांगू तुम्हांला. भांडी बंद. "जटवालीनं खरकट्याला हात लावू न्हाई," असा नियम सासूबाईंनी स्वतःच काढला आणि स्वतःच पाळला. पहाटेचा गजर बंद. ऑफिसातून आले की पाण्याचा ग्लास हातात. दर शनिवारी मी ऑडिटचं कारण सांगून वसईला फिलूकडे जायची आणि एखाददुसरी जट वाढवून यायची. "वाढती हाय," सासूबाई शेजारणींना हलक्या आवाजात सांगायच्या. वाढणारच ना! नवरा? त्याला माझे केस कापलेलेसुद्धा त्याच्या आईनं सांगितल्यावर कळले होते. बघता बघता डोकं भरलं. मला जे आयुष्यभर हवं होतं ते मी सासूच्या आशीर्वादानं मिरवत होते. अशी लबाडी कोणाला साधली असेल का कधी?

पण जट करणं सोपं, ती ताजी ठेवणं कठीण. ऐका, हे माझ्याकडून शिकून घ्या, कुठे मिळणार नाही. आमच्या विरारच्या टँकरच्या पाण्यानं धुवायची नाही, खाराचा थर बसतो. फिलूच्या विहिरीचं पाणी. रिठे आदल्या दिवशी भिजत घालायचे, उकळायचे, फडक्यातून दोनदा गाळायचे — एक कण आत राहिला तर तो कायमचा तुमचा. ते पाणी मुळाशी ओतायचं, बोटांच्या पेरांनी चोळायचं, आणि जट स्पंजसारखी दाबत दाबत खाली यायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायची. शेवटी बादलीत चमचाभर शिरका. मग जुन्या धोतराच्या फडक्यात पिळायची. आणि आता खरी गंमत — वाळवणं. आधी ऊन, मग ड्रायर, मग पुन्हा ऊन. जट बाहेरून कोरडी वाटते हो, आत ओल लपलेली असते. ती ओल राहिली की ओल्या गोणपाटाचा वास सुटतो, आणि मग अत्तराची बाटली उपडी केली तरी जात नाही. कोरडीठाक झाली की सोनचाफ्याची फुलं मलमलीत बांधून जटांमध्ये खोचायची, वर रुमाल गुंडाळायचा आणि झोपायचं. सकाळी फुलं काढून टाकायची. वास राहतो.

ही युक्ती फिलूची. मी फक्त हौस म्हणून केली. पण सासूबाईंच्या नाकाला तो वास लागला — घरात फूल नाही, उदबत्ती नाही, आणि सुनेच्या जटेला सोनचाफा! झालं. इमारतभर बातमी. बायका यायला लागल्या, वास घ्यायला. मी पाटावर बसायची, त्या वाकायच्या, डोळे मिटून श्वास घ्यायच्या. कोणी नारळ ठेवायचं. मला हसू यायचं, पण — खरं सांगू? आवडायचंही. फार आवडायचं.

आता मंगलताई.

थांबा, पाणी पिते.

मंगलताई माझी मोठी जाऊ. मोठे दीर वसईजवळ कामणला एका गोदामात सुपरवायझर आहेत, त्यांचं घर तिथेच. त्यांना एकच मुलगी, प्रतीक्षा. मंगलताई म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं हसू. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी मला काही टोचलं, की ही स्वयंपाकघरात येऊन त्यांची अशी नक्कल करायची, की मी पदर तोंडात कोंबायची. पुढे तिला टायफॉइड झाला. बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती, केसांकडे कोण बघणार? उठली तेव्हा सगळ्या केसांची एकच जाड जट झालेली. तिची खरी. कोणी सुईनं न केलेली.

तिनं सगळे नियम पाळले. साबण नाही. तेल, हळद, कुंकू, गोमूत्र, आणि डोक्यावरून आंघोळ झाली की पदराखाली तशीच ओली. वर्षानुवर्षं. त्याचा वास येणारच. येत होता. ते तिला कळत होतं, म्हणून ती आमच्याकडे गौरी-गणपतीला आली की बाल्कनीच्या दाराशी बसायची, ताट मांडीवर घेऊन. पण हेही सांगते — त्या वेळी तो नुसता वास होता. जटेला वास येतोच, असं सगळे धरून चालत. तिला कोणी बोल लावत नव्हतं. तिला जट कापून टाक म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांना ती हसून नाही म्हणायची. तिची जट तिची होती.

मग माझा चाफा आला.

नवरात्र होतं. घर माणसांनी भरलेलं. मी पाटावर. मंगलताई प्रसाद वाटत होती. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देवी तीच, घर तेच. मग एकीला चाफा आन एकीला कुबट वास का? आगं, खोट देवीत नसती, खोट माणसात असती." मंगलताईच्या हातातली वाटी तशीच राहिली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या क्षणी बोलायचं होतं ना? रिठा म्हणायचं, विहीर म्हणायचं, काहीही. मी हसले. देवीवाली बाई हसते तसं, खाली बघून, गोड. हे मला आठवतं, कारण मी ते हसू आरशात शिकले होते.

त्यानंतर मंगलताईनं मंगळवार धरले, शुक्रवार धरले, पुढे सोमवारही धरले. अनवाणी कामणहून येऊन आमच्या विरारच्या डोंगरावर देवीला चढून जायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. नक्कल बंद झाली, हसणं बंद झालं. घरात दीर बाहेरच्या खोलीत निजायला लागले. आणि एकदा डोंगर उतरून ती आमच्याकडे आली, सासूबाई देवळात मागेच राहिल्या होत्या, घरात आम्ही दोघीच. ती दाराशी बसली. मी पाणी दिलं. तिनं ग्लास खाली ठेवला आणि मला विचारलं, "वर्षा, तू काय करतीस गं? मला सांग की. काय पाळतीस तू, जे माज्याकडनं ऱ्हातंय?"

बघा, तिनं मला विचारलं. सरळ विचारलं. घरात तिसरं कोणी नव्हतं. धाकट्या जावेपुढे तिनं मान खाली घातली होती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं — ताई, धुते मी. रिठ्यानं धुते आणि वाळवते. ती कोणाला सांगणार होती? माझी नक्कल करून हसली असती फार तर.

मी म्हणाले, "काही वेगळं नाही हो, ताई. फक्त मनापासून करते."

हे आहे ते. हेच सांगायला बसले होते. जट खोटी, चाफा खोटा, ते सगळं मी चव्हाट्यावर सांगेन एक दिवस आणि वर टाळ्याही घेईन. पण हे वाक्य — ते उच्चारायची काही गरज नव्हती हो! भीतीनं गप्प बसणं वेगळं. मी गप्प नाही बसले. मी तिला सांगितलं की तू मनापासून करत नाहीस. ती "व्हय" म्हणाली. उठली. मनापासून करायला गेली.

पुढे प्रतीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा वसईचा, माणसं चांगली, जरा टापटिपीची. आणि घरात कुजबुज सुरू झाली, की देवक बसवायला, कन्यादानाला मंगल बसली तर भटजींपासून विहिणीपर्यंत सगळे नाक दाबतील. काका-काकूंनी कन्यादान करायची पद्धत असतेच की! वर काकूची जट सोनचाफ्याची. सासूबाईंनी ठरवून टाकलं. प्रतीक्षानं मला फोन केला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, आणि शेवटी म्हणाली, "काकू, तूच बस ना. प्लीज. आईला वाईट नाही वाटणार." फोनवर ती रडत होती. पोरगी वाईट नाही. शाळेपासून तिनं त्या वासापायी काय काय ऐकलं असेल, तिचं तिला माहीत.

दुसऱ्याच दिवशी मंगलताई आली. हातात पिशवी. पिशवीत हिरवी पैठणी, मुलीच्या लग्नात नेसायला म्हणून तिनं घेतलेली, घडी न मोडलेली. ती तिनं माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "तूच नेस. तुला शोभंल. माज्या लेकीच्या लग्नात माजा वास नको." आणि हसायचा प्रयत्न केला. ते हसू बघितलं आणि मी पैठणी उचलली, तिच्या पिशवीत परत कोंबली आणि ओरडले, "ताई, मला काल स्वप्न पडलंय!"

होय. स्वप्न. खरं सांगायची वेळ पुढ्यात येऊन उभी होती आणि मी स्वप्न सांगितलं. आतल्या खोलीतून सासूबाई धावत आल्या. मी डोळे मोठे केले आणि सांगितलं, की देवी आली होती, हिरव्या साडीत, आणि म्हणाली, मला किती दिवस न्हाऊ घालणार नाही तुम्ही? मंगलला सांग, मला धू.

सासूबाई गोंधळल्या. पण त्याही मुरलेल्या. त्यांनी माझी उलटतपासणीच घेतली.

"साबण म्हनली का?"

"साबण नाही. रिठा."

"शिकेकाई का न्हाय?"

"मी नाही विचारलं, आई. देवीला उलट विचारतात का?"

"बरं. आन वाळवायची कशानं?"

"उन्हानं," मी म्हणाले, आणि मग ड्रायर आठवला. "आणि वाऱ्यानं. गरम वाऱ्यानं."

सासूबाईंनी हात जोडले. देवीपुढे त्या तरी काय बोलणार? मनातल्या मनात मी उडी मारली. बघा, माझी अक्कल! खोट्यालाच कामाला लावलं. मंगलताईची सुटका आणि माझा पाटही शाबूत. हो, तोही हिशेब मी त्याच क्षणी केला होता. खरं सांगितलं असतं तर मी पाटावरून उतरले असते. स्वप्नानं मी आणखी वर चढले. आता देवी माझ्याशी बोलत होती.

रविवारी मंगलताईला घेऊन फिलूकडे गेले. विहिरीच्या काठावर पाट मांडला. "कोप हुईल का गं?" असं सारखं विचारत होती. पहिला तांब्या ओतला तर पाणी लाल आलं. मग पिवळं. मग काळं. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू आणि तेल, मातीत ओघळ काढत केळीच्या आळ्यात जात होतं. आत मुळाशी जखमा होत्या. फिलूनं तिथे हात हलका केला आणि माझ्याकडे बघितलं. मग पुढे औषध घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे नेऊ, एवढंच म्हणाली. आम्ही दाबत होतो, खळबळत होतो, पाणी शेंदत होतो. माझे खांदे भरून आले. सोडलं नाही. पाणी स्वच्छ यायला लागलं तेव्हा फिलू मोठ्यानं ओरडली, "आलं गं आलं! बघ, तळ दिसतोय बादलीचा!" मंगलताईनं बादलीत वाकून बघितलं, लहान पोरीसारखं.

मग ऊन, मग दोन दोन ड्रायर, मग पुन्हा ऊन. दुपार त्यातच गेली. मी जटेच्या मुळाशी टिपकागद दाबून बघत होते, ओल लागते का. शेवटी लागली नाही. मी नाक आत खुपसलं आणि खोल श्वास घेतला. कसलाच वास नाही! रिठ्याचा हलकासा, आणि खाली फक्त माणसाचा. चाफा नको म्हणाली ती. तिचा विश्वास बसेना. फिलूला वास घ्यायला लावला, फिलूच्या आईला लावला, मालकीण सांगते म्हणून हसत येणाऱ्या पार्लरच्या गिऱ्हाइकालाही लावला. परत जाताना शेअर रिक्षात ती नेहमी कडेला बसायची, डोकं बाहेर काढून, वाऱ्यावर. त्या दिवशी मधोमध बसली. दोन्हीकडे अनोळखी माणसं. कोणीही सरकलं नाही. स्टेशन येईपर्यंत ती माझा हात दाबून बसली होती, आणि मी जिंकलेल्या कुस्तीगिरासारखी रस्त्याकडे बघत होते.

जाता जाता फिलू मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "आमच्यात असतीस तर उद्याच तुला फादरसमोर कुमसाराला बसवली असती, पापं कबूल करायला. बाईच्या डोक्याची काय दशा होती गं!" मी हसण्यावारी नेलं. तिला वाटत होतं, ताईचे हाल मला आजच कळले.

आणि लग्न! अहो, काय लग्न झालं! मंगलताईनं तीच हिरवी पैठणी नेसली. जटेचा अंबाडा घातला, हा एवढा मोठा, त्यावर मोगऱ्याचा गजरा. देवकाला बसली, कन्यादानाला बसली, विहिणीला मिठी मारली, विहिणीच्या बहिणीलाही मारली, भटजींना दोनदा दटावलं. वऱ्हाडातल्या बायका तिच्याजवळ येऊन विचारत होत्या, कसं हो जमवलं? सासूबाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होत्या, "माज्या दोन्ही सुना अशाच हायेत." पाठवणीच्या वेळी प्रतीक्षा आईच्या गळ्यात पडली. तिनं तोंड आईच्या अंबाड्यात खुपसलं आणि ते बाहेर काढेचना. लहान असताना तिला कधी असं करता आलं नव्हतं. हॉलमध्ये सगळे रडत होते, मीही रडत होते, पण छाती अशी फुगली होती — हे मी केलं! मी!

केलं ना. नाही कसं म्हणणार? आणि त्यात अजून भर आहे. कामणला त्यांच्या चाळीमागे आता मंगळवारी बायका जमतात. कोणाच्या जटेत उवा, कोणाच्या जखमा, कोणी कधी लग्नकार्यात गेलेली नाही. देवीचा हुकूम झालाय म्हटल्यावर कोणाचा नवरा अडवतो? मंगलताई कमरेला पदर खोचून उभी राहते आणि कडाडते, "आधी मूळ! टोकं मागनं! ओली बांधलीस तर बघ माज्याशी गाठ हाय!" रिठ्याचं टोपलं, दोरीवर वाळणारी धोतरं, लांब वायरीचा ड्रायर. बायका जाताना एकमेकींच्या डोक्याचा वास घेत जातात. मंगलताई पुन्हा हसते. सासूबाईंची नक्कल पुन्हा करते, आता ड्रायर हातात धरून. मला दिसतंय ते खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तो मी लपवणार नाही.

पण प्रत्येक नव्या बाईला पाटावर बसवलं, की पाणी घालायच्या आधी मंगलताई तिला एक गोष्ट सांगते. मी तिथे असते, पाण्याचे तांबे भरून द्यायला. ती सांगते, की माज्या जटेला वास का येत हुता ते मला ठावं हाय. प्रतीक्षा झाली तवा मला पोरगा पायजे हुता. मी पोरीकडं पाठ केली. आख्खा दिस तिला पदराखाली घेतलं न्हाय, रडू दिलं. त्या पापाचा वास हुता त्यो. देवीनं माफ केलं, तवा गेला. तुजं काय आसंल ते बोलून टाक, मग पानी घालते. आणि बायका बोलतात. रडतात आणि कुठलंतरी आपलं पाप शोधून काढून बोलतात.

मंगलताईनं स्वतःचा जन्म उलटापालटा करून ते शोधलं होतं. एवढ्या आयुष्यात तिला तेवढंच सापडलं, बाळंतपणातला एक दिवस. आणि ते ती चारचौघीत, मान वर करून सांगते.

गेल्या मंगळवारी प्रतीक्षा माहेरी आली होती. मी तांब्या भरून वळले तर ती मागच्या दारात उभी. आईची गोष्ट चालू होती. तिनं ती पहिल्यांदाच ऐकली, शेवटपर्यंत ऐकली, आणि आत निघून गेली. मंगलताईला ती दिसलीच नाही, तिची पाठ होती.

मंगलताईचं काहीही चुकलेलं नव्हतं. जट आतून ओली राहत होती, म्हणून वास येत होता. त्या अंगणात हे सांगू शकणारी बाई एकच होती. मी भरलेला तांब्या मंगलताईच्या हातात दिला आणि दुसरा भरायला घेतला.